बंद पुडी

खुर्ची चांगली मऊ आहे, तरी मला बसवत नाही. उठते, खिडकीशी जाते, खाली पेलिकान रस्त्यावर दुकानांची शटरं वर चढतायत, परत येते. फोन थरथरतो. वान्नेस, माझा होणारा नवरा, ट्राम चालवतो आणि प्रत्येक शेवटच्या थांब्यावरून एकच शब्द पाठवतो.

झालं?

नाही झालं. हिरे पारखणाऱ्या बाईंच्या टेबलावर स्ताफमामाची पुडी आहे, पुडीत माझा हिरा आहे, टेबलाभोवती तीन माणसं बसली आहेत आणि कुणीही पुडीला हात लावत नाहीये.

"माझा" म्हणाले मी. अजून नाही.

*

पहिल्यापासून सांगते. नाही, तेवढा वेळ नाही, बाबा घड्याळ बघतायत. थोडक्यात. हिरा दोशींचा. भाव आमच्या वतीने मामाने केला. तो आईचा भाऊ, हिऱ्यांचा दलाल. त्याआधी नाइलन गावात घरामागच्या शेडमध्ये हिऱ्यांना पैलू पाडायचा. दोशींनी हिरा कागदाच्या घडीत ठेवला. मामाने वर आमची बोली लिहिली, चिकटपट्टी लावली आणि दोघांनी सह्या केल्या, अर्धी सही कागदावर, अर्धी पट्टीवर. आता दोशी हो किंवा नाही म्हणेपर्यंत ती पुडी कुणी उघडायची नाही. खुद्द दोशींनीही नाही.

एरवी अशी पुडी मालकाच्या तिजोरीत राहते. पण दोशींचं पर्युषण लागलं. पेढी बंद करून ते देवळात जायला निघाले आणि जाता जाता म्हणाले, "स्ताफभाई, तुमच्याकडेच राहू द्या."

तेव्हापासून पुडी मामाच्या जॅकेटच्या आतल्या खिशात. मामी म्हणते, जॅकेट घालूनच झोपतो.

पेढी आज दुपारी उघडेल. उत्तर आज दुपारी मिळेल. आणि बाबांनी विम्यासाठी पारख ठरवली ती आज सकाळची.

मामाला इथे आणलं मी. "नुसता ये ना मामा, बाबा जरा शांत होतील," म्हणाले.

*

"दाजी, मी दुपारनंतरचं म्हणालो होतो," मामा म्हणतो.

"दुपारनंतर क्लासेन्सबाईंना वेळ नाही. आणि घेऊन झाल्यावर पारखायचा कशाला? आधी कागद, मग हिरा. एकदा अंगठीत बसला की कडेला काय दडलंय ते दिसतं का?"

"ते बरोबर आहे," क्लासेन्सबाई म्हणतात. पारखी त्याच, भिंग गळ्यात दोरीला. "हिरा सुटा असताना पाहिलेला केव्हाही बरा. पण साहेब, ही पुडी बंद आहे."

"मग उघडा."

बाई दोन्ही हात टेबलावरून काढून मांडीवर ठेवतात.

बाबांचा उभा जन्म विमा कंपनीत गेला. हरवलेल्या अंगठ्या, जळालेली घरं, आणि प्रत्येकाकडे सांगायला एक गोष्ट, कागद कुणाकडेच नाही. ते मला प्रेमानेच म्हणाले होते, "ग्रीत, अंगठी बोटात जाण्याआधी मी तिचा विमा उतरवणार. माझं लग्नातलं देणं तेवढंच."

"सगळ्याला कागद," मामा म्हणतो. "माझ्या बहिणीला नेलंत तेव्हा पावती घेतली होती का, दाजी?"

"घ्यायला हवी होती. परत करायची मुदत तरी कळली असती."

मी हसते. नको तेव्हा हसते. क्लासेन्सबाईही हसतात, मग त्यांना पुडी आठवते.

"ह्या हिऱ्यांच्या गल्लीत 'मझल' म्हणून हात दिला की सौदा झाला," मामा म्हणतो. "ज्यू असो, जैन असो, आपल्यासारखा वर्षातून एकदा चर्चला जाणारा असो. हात द्यायचा, मझल म्हणायचं, घरी जायचं."

"आणि नंतर कुणी फिरला तर?"

"तर दुसऱ्या दिवसापासून त्याला कुणी पुडी देत नाही. विषय संपला. तोही संपला."

"म्हणजे विमा नाहीच."

"दाजी, हाच विमा."

फोन. झालं?

बाबा पुडी उचलतात. नुसती बघायला, हे मी शपथेवर सांगेन. उलटी करतात, सुलटी करतात, सह्या वाचतात. घरी पत्र आलं, विजेचं बिल आलं, की बाबा बोलता बोलता अंगठ्याचं नख कडेखाली सरकवतात. बघतही नाहीत. आताही ते बघत नाहीयेत, मामाकडे बघून म्हणतायत, "अरे पण ही साधी चिकटप—"

*

अगदी बारीक आवाज झाला.

*

कागदाची घडी आपोआप उलगडली. मी पाहिला. एवढासा. खिडकीतला सगळा उजेड त्याने आपल्याकडे ओढून घेतला, आणि मी मामाच्या तोंडाकडे बघायचं सोडून त्याच्याकडे बघत राहिले. किती वेळ ते माहीत नाही.

क्लासेन्सबाई भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत होत्या. "मी हिरा पाहिलेला नाही," त्या म्हणाल्या. "पण मला कुणी विचारलंच, तर पुडी माझ्या टेबलावर उघडली असं सांगावं लागेल. मला माफ करा, स्ताफ."

"चिकटपट्टी आहे!" बाबा उठले होते, कान लाल. "मी खालून नवीन आणतो. कुणाला कळणार आहे?"

"आणा," मामा म्हणाला. "सही कुणाची आणता?"

मग त्याने कागदाची एकेक घडी परत घातली. नेहमीसारखी, सरळ. जॅकेटच्या खिशात ठेवून बटण लावलं.

*

रस्त्यावर मामा भरभर चालतो. मी मागे, मग पुढे, मग शेजारी.

"मामा, मी फोडली म्हणून सांगते. नवरीला सगळं माफ असतं."

"पोपने फोडली म्हणून सांग. खिसा कुणाचा होता?"

"तुला पुडी देणं बंद करतील?"

तो सायकलवाल्याला वाट देतो. मामाला दुसरं काम येत नाही. येत होतं, पण आता डोळे पैलू पाडायच्या चाकावर ठरत नाहीत. सकाळी उठायचं, गल्लीत यायचं, कुणीतरी म्हणायचं स्ताफ, हे जरा दाखवून ये.

झालं? झालं? वान्नेसचे दोन एकदम आले.

*

दुपारी पेढीवर दोशी आम्हाला बघून उठतात. उपासाने गाल बसलेत. दोन्ही हात जोडतात.

"मिच्छामि दुक्कडम्, स्ताफभाई. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल, तर क्षमा करा."

दरवर्षी मामा ते शब्द आपल्या जिभेने मोडूनतोडून परत म्हणतो आणि दोशी हसतात. आज तो म्हणाला, नीट म्हणाला, आणि जोडलेले हात खाली आणलेच नाहीत. दोशींचं हसू थांबलं. मग मामाने बटण काढलं आणि पुडी टेबलावर ठेवली.

दोशींनी पट्टीची सुटलेली कड बोटाने दाबली. ती पुन्हा वर आली.

"कुणी?"

"माझ्या खिशात होती."

"ते मी विचारलं नाही."

"मी तेवढंच सांगणार."

दोशींनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, मामाने माझ्या पायावर पाय ठेवला. जोरात.

"क्षमा आहेच," दोशी म्हणाले. "आज नाही करायची तर कधी?" ते खरंच तसं म्हणाले, आवाजात राग नव्हता, डोळे ओले होते. मग त्यांनी खण उघडला आणि काचेच्या पेटीतला काटा बाहेर काढला.

मामा आणील ते दोशी न तोलता तिजोरीत टाकायचे. हे मामाने आम्हाला इतक्या जेवणांना सांगितलंय की आई पुढचं वाक्य स्वतःच म्हणते.

आकडे हलत राहिले. मामा खिडकीबाहेर बघत होता. आकडे थांबले.

"तेवढंच आहे," दोशी म्हणाले.

"हो का," मामा म्हणाला.

"बोली मला मान्य. हिरा पोरीला द्या. सुखात राहा, बेटा."

मामा उठला. त्याचा हात पुढे आला, सवयीने, बोटं सरळ. मी 'मझल' या शब्दाची वाट बघत होते. दोशींनी पावतीपुस्तक उघडलं, तारीख घातली, आणि त्या पुढे आलेल्या हातात पेन ठेवलं.

"इथे सही करा, स्ताफभाई. हिरा मिळाला म्हणून."

मामाने पेनाकडे पाहिलं. "कुठे?"

दोशींनी बोट ठेवलं. मामाने सही केली, पूर्ण सही, पूर्ण कागदावर. दोशींनी पावती फाडून मामाची प्रत त्याच्याकडे दिली.

*

जिन्यात त्याने मला दोन्ही गोष्टी दिल्या, पुडी आणि पावती.

"पावती दाजींना दे. त्यांना आवडेल. आणि हिरा क्लासेन्सबाईंना दाखव, आता हवा तेवढा वेळ बघू दे."

"तिथपर्यंत तुझ्या खिशात राहू दे ना, मामा. मला भीती वाटते."

"नको," तो म्हणाला, आणि रिकाम्या खिशाचं बटण लावलं.

तो गल्लीकडे वळला नाही, स्टेशनकडे वळला. मी दारात उभी आहे. एका पायावर, दुसऱ्या पायावर. फोन थरथरतो. काय विचारतोय ते मला माहीत आहे, पण पुडीवर मूठ अशी आवळली गेलीय की उघडून उत्तर देता येत नाही.