कडूच्या दुखण्याचं नाव

गिदोन मास्तर मला 'शब्दकोश' म्हणायचे, तेव्हा मी पुरुष होतो. त्यांची लेक हन्ना मला 'डिक्शनरी' म्हणते, म्हणून आता मी बाई आहे. पानं तीच, शब्द तेच. माझं त्यात काही बिघडलं नाही.

माझा जन्म विलायतेतल्या छापखान्यातला. बोटीनं मुंबईला आले, आगगाडीनं नगरला. मायदेशी परत जाताना एका म्हाताऱ्या मडमेनं मला गिदोन मास्तरांच्या हाती दिलं. शब्दाचा अर्थ सांगून मी थांबत नाही. तो कुठल्या मुळातून आला, लॅटिन की ग्रीक, तेही सांगते. मास्तरांना माझा हाच गुण आवडायचा. ते गेल्यावर मी हन्नाबाईंच्या कापडी पिशवीत आले. त्या देवळाली प्रवऱ्याच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायच्या.

एकोणीसशे एकाहत्तर साल असेल. अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, वर्गात मुली दोनच, त्यातली एक कडू. तीन मुलींच्या पाठीवर चौथी झाली म्हणून घरच्यांनी नाव ठेवलं कडूबाई. वाचन मात्र तिचं गोड. धडा वाचता वाचताच ती एकदा चक्कर येऊन पडली. पुढच्या आठवड्यात पुन्हा पडली.

तिचे वडील भिमाजी घाबरले. त्यांनी तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं तिचं वय विचारलं, नाडीसुद्धा न बघता 'हिस्टेरिया' म्हणून सांगितलं आणि लग्न करून टाका, आपोआप बरी होईल, असा सल्ला दिला. भिमाजी वाईट माणूस नव्हते. शिकलेल्या माणसानं सांगितलं, त्यांनी ऐकलं. कडूची शाळा बंद झाली, पुणतांब्याचं स्थळ ठरत आलं.

हे कानावर आलं तेव्हा हन्नाबाईंनी मला उघडलं. तो शब्द काढला, दोनदा वाचला आणि मला काखेत घेऊन त्या भिमाजींच्या वस्तीवर गेल्या.

पडवीत भिमाजी आणि त्यांचा धाकटा भाऊ गहिनीनाथ बसले होते. कडूची आई गोजरबाई दाराआड उभ्या होत्या. बाईंनी मला मांडीवर ठेवलं.

"भिमाजीभाऊ, हिस्टेरा म्हणजे ग्रीक भाषेत गर्भाशय. त्यावरून हे नाव पडलंय. बाईचं गर्भाशय अंगभर भटकतं, म्हणून ती अशी करते, असं जुन्या काळी तिकडचे वैद्य मानायचे. लग्न झालं, मूल झालं की ते जागेवर बसतं म्हणे. ती समजूत कधीच खोटी ठरली. नाव तेवढं उरलंय."

बाईमाणसानं चारचौघांत गर्भाशय म्हटलेलं त्या पडवीनं कधी ऐकलं नसावं. भिमाजींनी मान खाली घातली.

"बाई, तुमी शिकल्याल्या. पन डाक्टर बी शिकल्यालाच हाय," ते म्हणाले.

हन्नाबाई पुन्हा माझी पानं उलटू लागल्या. मग दाराआडून आवाज आला.

"भावजी उसाच्या फडात चक्कर येऊन पडले, तवा ह्याच डाक्टरनं त्यांचं रगत तपासाय नगरला धाडलं हुतं. पोरीचं का न्हाई धाडलं?"

गहिनीनाथच म्हणाला, "वयनी खरं बोलत्यात, दादा."

नगरच्या दवाखान्यात बाईंबरोबर मीही पिशवीतून गेले. कडूच्या अंगात रक्त फारच कमी निघालं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी औषधाचं नंतर सांगितलं. आधी विचारलं, घरात आधी कोण जेवतं? गोजरबाईंनी सांगितलं, आधी गडीमाणसं, मग पोरं, मग आम्ही, उरलं तर. भिमाजी बाकावर बसून ऐकत होते.

पुणतांब्याला त्यांनी निरोप धाडला, पोरीची परीक्षा होईतो थांबा. तिकडचे लोक थांबले नाहीत, स्थळ मोडलं. भावकीनं नावं ठेवली, ती भिमाजींनी ऐकून घेतली. कडूचं ताट आता त्यांच्या शेजारी मांडलं जाऊ लागलं. सुरुवातीला लाजेनं तिला घास गिळवत नसे. गोजरबाई मात्र शेवटीच जेवायच्या. त्या घरातलं तेवढं काही त्या साली बदललं नाही.

कडू मॅट्रिक पास झाली. मग ती मला वाचायला मागून न्यायची. एकदा 'मिसॉजिनी' या शब्दापाशी अडली. मिसॉस म्हणजे द्वेष, गुने म्हणजे स्त्री. बायकांचा द्वेष, असं हन्नाबाईंनी समजावलं. मग पुरुषांच्या द्वेषाला काय म्हणतात, असं तिनं विचारलं. बाईंनी माझी पानं चाळली, पुन्हा चाळली. माझ्यात तो शब्द नव्हता.

"त्याची कुणाला गरजच पडली नसंल," कडू म्हणाली.

आता माझी शिवण उसवली आहे, वाळवीनं एक कोपरा खाल्ला आहे. माझ्या जागी कुणी नवी डिक्शनरी छापणार असेल, तर एवढंच मागणं आहे. हिस्टेरिया हा शब्द गाळू नका. तो असू द्या, आणि त्याच्यापुढे लिहा: हा बाईचा आजार नव्हता, बाईकडे न बघता दिलेलं नाव होतं.