चांगली बाजू वर

कोंबड्यांच्या शेडच्या फळ्या अंगणात येऊन पडल्या, त्या दिवसापासून ती दिवसातून दोनदा अंगण धुवायला लागली. कोणाची तरी जुनी शेड पाडली होती, मालक लाकूड फेकून द्यायला निघाला होता, आणि कोणी काही फेकतंय म्हटलं की तिच्या नवऱ्याचे हात शिवशिवायला लागतात. आख्खी गल्ली त्याला भंगारशेठ म्हणायची. माणसाला लाज वाटावी ना? हा उलट मिरवायचा.

काम गरजेचं होतं, हे तिलाही मान्य होतं. सासऱ्यांना साखरेचा आजार. डाव्या टाचेची जखम काही केल्या भरेना, चालणं बंद झालेलं, चाकांची खुर्ची आलेली. मागच्या दाराबाहेर उंच पायऱ्या, त्यामुळे म्हातारा खोलीतच कोंडलेला. डॉक्टरांनी स्वच्छ शब्दांत बजावलं होतं, ऊन द्या, मोकळी हवा द्या, घाणीपासून जपा, नाहीतर पाय काढावा लागेल. म्हणून दाराच्या पातळीला लाकडी ओटा बांधायचा ठरला. नवरा त्याला डेक म्हणायचा. म्हणू दे बापडा.

पण त्या फळ्या! वर्षानुवर्षांची शीट त्यांच्यावर वाळून दगड झालेली, तिच्यात पिसं चिकटलेली, भेगांमधून काहीबाही वळवळणारं. ती म्हणाली, निदान दोन्ही बाजूंनी तासून घे. त्याने एकाच बाजूने रंधा फिरवला, वर चकचकीत तेल लावलं आणि घाण बाजू खाली घालून खिळे ठोकले. चांगली बाजू वर, विषय संपला.

या घराची रीतच ती, आणि घालून दिली होती सासऱ्यांनी. गादीला डाग पडला, उलटवा. भिंतीला पोपडे आले, कॅलेंडर टांगा. लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याची नोकरी नुकतीच सुटली होती, तीही अशीच खालच्या अंगाला गेली. तिला ते कळलं लग्नानंतर. तेव्हापासून या घरातली कुठलीही गुळगुळीत गोष्ट बघितली की तिला शिसारी यायची.

आणि आता हा वास. सासऱ्यांच्या खोलीत तर तो ठाणच मांडून बसला. गोडसर, कुजका, घशात उतरणारा. तिने पडदे धुतले, फिनेल ओतलं, उदबत्त्या जाळल्या. खिडकी लावून घेतली तर कमी व्हायच्या ऐवजी वाढायचा. फळ्यांचा वास भिंतीत मुरला, असं म्हणून ती नवऱ्याच्या नावाने बोटं मोडायची. नवरा म्हणायचा, तुझ्या नाकालाच काहीतरी झालंय.

डाव्या टाचेचं ड्रेसिंग ती रोज सकाळी स्वतः करायची. जखमेत आता कुठे लालसर मांस धरायला लागलं होतं. एवढी एक गोष्ट त्या घरात खरोखर बरी होत होती आणि ती तिच्या हाताने होत होती, म्हणून तिचा सगळा जीव त्या टाचेत अडकलेला. उजव्या पायात सासरे कायम लोकरीचा मोजा घालायचे. थंडी वाजते म्हणायचे. पुसायला गेलं की म्हणायचे, मी पुसलाय, चांगल्या पायाला कशाला हात लावतेस?

ओटा झाला तसं नवऱ्याने शेजाऱ्याला चहाला बोलावलं. फुकटच्या लाकडात केलाय, त्याने दोनदा सांगितलं. शेजारी मान डोलावत होता आणि कपावरच्या माश्या हाकलत होता. सासऱ्यांची खुर्ची बाहेर आली. कितीतरी महिन्यांनी तोंडावर ऊन पडलं, म्हातारा डोळे मिटून हसला. ते हसणं बघून तिलाही क्षणभर वाटलं, जाऊ दे, मेलं. मग त्यांनी पट्टी बांधलेला पाय फळीवर टेकवायला खाली सोडला, आणि दोन फळ्यांच्या फटीतून एक पांढरी अळी वर आलेली तिने पाहिली.

तिने पाय अलगद उचलून पुन्हा खुर्चीच्या पायटेकणीवर ठेवला. नवरा दात आवळून म्हणाला, लोकांसमोर तमाशा नको. ती सरळ गेली, त्याचीच पहार घेऊन आली आणि दाराजवळची फळी उचकटून उलटी टाकली.

खालची बाजू ओलसर, करडी, बुजबुजलेली. शेजाऱ्याने कप खाली ठेवला, त्याला अचानक घरचं काम आठवलं.

नवऱ्याचं तोंड उतरलं. तरी जित्याची खोड, तो बापाकडे वळला. "बाबा, तुम्हीच सांगा. वरून काही दिसत होतं का?"

सासरे उलट्या फळीकडे बघत होते. मग कष्टाने वाकले आणि त्यांनी उजव्या मोज्यावर हात ठेवला.

"सूनबाई, हा पण बघ."

तिने मोजा सोडवला. त्याच्याबरोबर कातडीही सुटून आली. आणि तोच वास, गोडसर, कुजका, खोलीतला. तळव्याला केवढं तरी काळं पडलं होतं.

"कधीपासून?"

"फळ्या यायच्या आधीपासून," ते म्हणाले. "दोन्ही काढतील म्हणून बोललो नाही. दुखत नव्हतं गं."

रोज सकाळी ती त्या पायाशेजारी बसून दुसरा पाय धूत होती. फळ्यांना शिव्या घालत होती. तिने मोज्याच्या जागी स्वच्छ रुमाल गुंडाळायला घेतला. मान वर केली तर नवरा भिंतीला टेकून, तोंड फिरवून, दोन बोटांनी नाक दाबून उभा होता.

"नाक सोड," ती म्हणाली, "आणि गाडी काढ."