फांदी हातात असेपर्यंत

फांदी कुणी धरायची, यावरून निघायच्या आधीच भांडण झालं. आमच्या खोऱ्यात ते काम शक्यतो पुरुषाचं. माणूस परक्या रस्त्यावर मेलं की त्याचं शरीर गाडीतून येतं, पण जीव तिथेच भांबावून उभा राहतो. मग घरातल्या कुणीतरी त्या जागी जायचं, बोरीच्या जातीचं ते काटेरी झाड असतं त्याची फांदी जमिनीला टेकवायची, मेलेल्याला नावानं हाक मारायची आणि त्याला फांदीवर बसवून घरी आणायचं. फांदी हातात असेपर्यंत बोलायचं ते फक्त त्याच्याशी. जिवंत माणसाशी एक शब्द बोललात, किंवा फांदी न धरलेलं कुणी मध्येच मेलेल्याशी बोललं, की जीव होता तिथे परत.

"वहिनी, तुम्ही घरी थांबा," भेकुयिसे म्हणाला. तो माखोझाचा धाकटा दीर, आणि घरात आता तोच काय तो कर्ता पुरुष. "मी आणतो पोरीला. बायकांच्या तोंडाला लगाम नसतो."

"माझ्या तोंडाला?" माखोझा म्हणाली. "सहा वर्षं पोटच्या पोरीशी अक्षर बोलले नाही मी. आणि तू मला लगामाच्या गोष्टी सांगतोस?"

खरंच होतं ते. गप्प बसण्यात माखोझाचा हात धरणारं आख्ख्या एमसिंगा खोऱ्यात कुणी नव्हतं. तिने दिराच्या हातून फांदी ओढून घेतली आणि गाडीत जाऊन बसली.

पोरगी म्हणजे झामिले. आता झामिले कोण हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. जोहान्सबर्गपासून समुद्रापर्यंत कुठल्याही टॅक्सीत बसा, तिसरं गाणं तिचंच लागणार. तेलाच्या डब्याला तारा ठोकून केलेली गिटार वाजवत ही पोर शेळ्यांमागे फिरायची, आणि गाणी चालता चालता रचायची. लग्नात गायली, चर्चमध्ये गायली, एकोणिसाव्या वर्षी जोहान्सबर्गला पळाली. तिथे कितीतरी वर्षं दुसऱ्यांच्या मागच्या रांगेत उभी राहून नुसतं 'आऽ आऽ' केलं. मग एक गाणं तिने स्वतःचं म्हणून काढलं. ते टॅक्सीवाल्यांनी उचललं, टॅक्सीतून रेडिओवर गेलं, आणि वर्ष सरायच्या आत झामिलेच्या नावानं स्टेडियम भरायला लागलं.

तिचं कुठलं! ते गाणं माखोझाचं होतं.

झामिलेचा बाप खाणीत कामाला गेला आणि तिथेच दुसरी बाई करून राहिला. माखोझा संध्याकाळी चुलीपाशी बसून स्वतःशीच म्हणायची:

पाणी ठेवलं तापत, पाणी आटून गेलं,
दार ठेवलं उघडं, कुत्रं येऊन गेलं,
ज्याच्यासाठी जेवण झाकलं,
तो जेवला कुणाच्या दारी?

चुलीपाशी एक पोर बसलेली असते, तिला कान असतात, हे तिच्या ध्यानातच नव्हतं. पुढे झामिलेनं त्याला ढोल लावला, गिटार लावली, आणि लोक त्यावर नाचायला लागले. दवाखान्याच्या रांगेत माखोझा उभी असताना समोरची पोरगी कंबर हलवत म्हणाली, 'कुत्रं येऊन गेलं,' आणि मागच्या दोघी बायका माखोझाकडे बघून हसल्या. नवरा सोडून गेला हे सगळ्यांना माहीत होतंच, पण झाकून होतं. पोरीनं आईच्या अब्रूची लक्तरं नेऊन वेशीवर टांगली.

त्या दिवसापासून माखोझानं तोंडात मिठाची गुळणी धरली. झामिले दर रविवारी फोन करायची. माखोझा फोन उचलायची आणि एक शब्द न बोलता दिराच्या हातात द्यायची. पुढे झामिले सातवा महिना घेऊन घरी आली, तर ही भिंतीकडे तोंड करून बसली. पोरगी संध्याकाळपर्यंत उंबऱ्यावर बसली आणि निघून गेली. नंतर कळलं, मुलगी झालीय आणि नाव ठेवलंय सोनेनी. आमच्यात जे तोंडावर बोलता येत नाही ते लेकराच्या नावातून बोलतात. सोनेनी म्हणजे, 'आम्ही तुमचं काय वाईट केलंय?' आता हा प्रश्न कुणाला होता ते माखोझाला काय कळत नव्हतं? सगळं कळलं, वळलं मात्र नाही. पुढच्या रविवारी बोलू, असं म्हणत म्हणत तिने रविवार घालवले. मग एका पहाटे कार्यक्रमाहून परतताना व्हान रीननच्या घाटावर झामिलेची गाडी उलटली.

भाड्याची टॅक्सी घाटावर पोहोचली तेव्हा ऊन तापलं होतं. ड्रायव्हर बोंगा तरुण होता. एरवी त्याच्या गाडीत झामिलेशिवाय दुसरं काही वाजत नसे, पण आज त्याने रेडिओला हातसुद्धा लावला नव्हता. रस्त्याच्या कडेला काचा पडल्या होत्या, टायरचे काळे पट्टे होते आणि कुणाकुणी फुलं ठेवली होती. तिथेच रेफिलवे उभी होती. ही झामिलेच्या मागे गाणारी, तिची मैत्रीण. तिचं बोट धरून पाच वर्षांची एक पोर, हातात चपलांची प्लास्टिकची पिशवी.

"मावशी, ही सोनेनी," रेफिलवे म्हणाली आणि पोरीला पुढे केलं.

माखोझानं नातीला पहिल्यांदा पाहिलं. झामिलेचंच रुंद कपाळ. पण फांदी हातात होती. तिने नुसती मान हलवली आणि काचांपाशी जाऊन गुडघ्यावर बसली.

"झामिले," ती म्हणाली. सहा वर्षं न उच्चारलेलं नाव खाकरून पुन्हा घ्यावं लागलं. "झामिले, आई आलेय. ऊठ. इथे परक्याच्या रस्त्यावर काय बसलीस? चल घरी."

मग गाडीत बसेपर्यंत ती बोलतच राहिली. "सांभाळून ये, दार ठेंगणं आहे. ही खिडकीची जागा तुझी. तुझ्या काकानं तिचं वेगळं भाडं दिलंय हो, एवढा चिक्कू माणूस!" भेकुयिसे हे ऐकून पुढच्या सीटवर डोळे पुसायला लागला.

खरं बोलायचं होतं ते माखोझानं अजून काढलंच नव्हतं. त्यासाठीच तर तिने दिराच्या हातून फांदी ओढून घेतली होती. उद्या सकाळी पुरलं की झामिले घरच्या पितरांत जाऊन बसणार. मग तिच्याशी बोलायचं ते कुळाच्या वडीलधाऱ्यांनी, बोकड कापून, सगळ्यांसमोर. आईनं लेकीशी एकटीनं बोलायचं तर हाच रस्ता, हेच चार तास. आणि सांगायचं एवढंच होतं, की गाणं चांगलं झालं होतं. राग अब्रूचा नव्हताच, अब्रू राहिली होती कुठे! राग याचा, की माझं दुःख तुझ्या गळ्यातून माझ्यापेक्षा खरं वाटलं. माझं चुकलं, बाई.

पण इतक्या वर्षांचा गंज लागलेली जीभ, ती अशी कशी वळणार? घाट उतरू दे, मग बोलू, असं तिने ठरवलं. घाट उतरला. "झामिले, मक्याला यंदा कीड लागली," ती म्हणाली. मग शेजारणीच्या गायीचं सांगितलं, चर्चच्या पत्र्याचं सांगितलं. मोठी गोष्ट ओठांपर्यंत यायची आणि परत फिरायची.

रेफिलवे पोरीला सोपवून परत गेली होती, आणि सोनेनी आता माखोझाच्या शेजारीच बसली होती. बराच वेळ तिने आजीच्या तोंडाकडे बघितलं.

"आजी, तू कुणाशी बोलतेस?"

माखोझानं बाहेर बघितलं.

"बाळ, आजी आज फक्त आईशी बोलते," भेकुयिसे पुढून म्हणाला. "तिला काही विचारायचं नाही. मला विचार."

"आई कुठाय?"

"बोंगा, हळू चालव रे जरा," भेकुयिसे म्हणाला.

वाटेत एमनाम्बिथी शहरात पेट्रोल भरायला गाडी थांबली. बोंगानं पोरीला गरम तळलेला पाव आणून दिला. तिने तो मांडीवर ठेवला, खाल्ला नाही.

"आई मला म्हणायची," ती एकदम बोलली, "आजी सगळ्यांशी बोलते, आपल्याशीच बोलत नाही."

माखोझानं फांदी इतकी घट्ट धरली की काटा तळहातात गेला. "झामिले," ती घाईघाईनं म्हणाली, "झामिले, ऐक, मला तुला..."

"आजी," सोनेनीने तिची बाही ओढली. रडत नव्हती ती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. "मी काय केलं?"

आता सांगा, काय करायचं? एका हातात लेक, आणि शेजारी लेकीची लेक. गप्प राहून एक घालवली होती. ती आज रस्त्यावरून उचलून आणत होती, आणि तोच मुकेपणा या दुसरीच्या पदरात घालत होती. माखोझाला नियम पाठ होता. तिला कळत होतं आपण काय करतोय. तरी ती वळली.

"काही नाही गं बाळा. तू काहीच नाही केलंस. तुझ्या आईनं पण काही नव्हतं केलं."

"वहिनी!" भेकुयिसेनं दोन्ही हात डोक्याला लावले. "वहिनी, काय केलंत हे! अहो, उतरली ना ती!"

माखोझानं पोरीला छातीशी धरलं आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. फांदी सीटवरून घसरून पायाशी पडली.

परत फिरण्याशिवाय इलाज नव्हता. घरी बायकांनी दारू गाळून ठेवली होती, बोकड बांधला होता, सकाळी खड्डा भरायचा होता. जीव घाटावर सोडून नुसतं शरीर पुरणार का? बोंगानं निमूटपणे गाडी वळवली. फांदी आता भेकुयिसेकडे होती.

"माझ्याकडे दे ना," घाट चढताना माखोझा म्हणाली. "भाऊजी, पाया पडते. मला तिला एकच गोष्ट सांगायचीय."

"वहिनी, ज्या हातावरून जीव उतरला त्या हातावर तो पुन्हा बसत नाही. हे मी तुम्हाला सांगायचं का?"

माखोझाच्या आजीनेच हे तिला शिकवलं होतं.

काचांपाशी भेकुयिसेनं फांदी टेकवली. कुळाची सगळी नावं घेतली, झामिलेला हाका मारल्या. फांदी उचलून बघितली, पुन्हा टेकवली.

"हलकी आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज कापत होता. "नाही आली. रुसलीय ती."

तेवढ्यात सोनेनी पुढे गेली आणि तिने काटे चुकवून फांदीचं टोक धरलं. "आई, चल ना," ती म्हणाली. "किती वेळ! आजोबा रडतायत. आजीकडे जायचंय आपल्याला."

वारा नव्हता, काही नव्हतं. पण भेकुयिसेनं हळूच आपला हात काढून घेतला.

"आली," तो म्हणाला. "उचल बाळ. आता घर येईपर्यंत फक्त आईशी बोलायचं. आमच्याशी नाही. जमेल?"

"आईशीच तर बोलायचंय मला," सोनेनी म्हणाली, आणि तिने फांदी उचलली.

मग पुढच्या सीटवर बसून ती पोर जी बोलत सुटली! आई, रेफिलवे मावशीनं माझी वेणी चुकीची घातली. आई, तुझा लाल ड्रेस मी आणला नाही, पिशवीत मावला नाही. आई, त्या दिवशी तू म्हणालीस लगेच येते, मी जागी होते, तुला फसवलं मी. आई, ही नदी आहे, घाबरू नको, बोंगाकाका पुलावरून नेतात. अंधार पडायला लागला तरी तिचं चालूच होतं. मागच्या सीटवर माखोझा एकेक शब्द ऐकत होती. आता ती कुणाशीही बोलायला मोकळी होती, दिराशी, ड्रायव्हरशी, साऱ्या जगाशी. फक्त पुढे बसलेल्या त्या दोघींशी नाही.

शेवटचा चढ लागला. घरचे दिवे दिसायला लागले तशी सोनेनी फांदीच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणाली, "आई, तुला एक सांगू? आजी माझ्याशी बोलली. खरंच बोलली. आता तुझ्याशी पण बोलेल. थांब हं." आणि ती मागे वळून माखोझाकडे बघायला लागली.

माखोझा पुढे झाली. ओठ उघडले. भेकुयिसेनं वळून मान हलवली, नाही म्हणून. त्याच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एकदा हातची गेलेली पोर आत्ता कुठे दाराशी आली होती.

माखोझानं तोंडावर हात दाबून धरला, आणि घर येईपर्यंत काढला नाही.