तिसऱ्या नळीवरचं पाणी

शनिवारी दुपारी कॉलेजच्या वर्कशॉपसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. शटर वर गेलं तसं पुढच्या रांगेतल्या दोघांनी चपला काढल्या. आत देव नव्हता की देऊळ नव्हतं. स्टँडवर बसवलेलं चार सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन होतं आणि त्याच्याशेजारी खांद्यावर शाल टाकून उभे होते हातगुणबाबा.

बाबांनी शाल इंजिनावर पसरली, डोकं आणि दोन्ही हात तिच्याखाली घातले आणि इंजिनाला मिठी मारली.

"आधी ओळख करून घेतो," आतून आवाज आला. "यंत्रालाही मन असतं. ते कुढतं, पण बोलत नाही."

मग त्यांनी इंजिन चालू करायला सांगितलं. ते सुरू झालं ते लंगडतच.

"अहो, कालपर्यंत नीट चालत होतं!" मी ओरडले. आमच्याच वर्गाने ते खोलून पुन्हा जोडलं होतं.

"रोग लपलेला होता, ताई. मी तो वर काढला. आता त्याला थोडं रडू द्या."

रडणं दहा मिनिटं चाललं. तेवढ्यात बाबांनी आपण बरे केलेले ट्रक, पंप आणि एक रोडरोलर यांच्या कहाण्या सांगितल्या. मग तांब्यातलं मंतरलेलं पाणी धूर बाहेर नेणाऱ्या चार नळ्यांवर शिंपडलं. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या नळीवरचे थेंब चुर्र करून उडाले. तिसरीवरचे तसेच बसून राहिले.

"तिसरीने पाणी नाकारलं! दुखणं इथंच आहे!"

पुन्हा शाल, पुन्हा मिठी, थोडं पुटपुटणं, आणि इंजिन झक्क सुरात आलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. खोटं कशाला सांगू, माझेही हात जोडले गेले.

मी नऊ वर्षं बस डेपोत गाड्या धुतेय. चाळिशी उलटल्यावर या कम्युनिटी कॉलेजात डिझेल मेकॅनिकच्या वर्गात नाव घातलं, कारण प्रमाणपत्र मिळालं की पाइप खाली ठेवून पाना हातात घेता येणार होता. वर्गात आम्ही दहा जण होतो. त्यातले तिघे बाबांच्या नादी लागले. दोन वर्षं कोण घासत बसणार, बाबा सहा महिन्यांत हातगुण देतात म्हणे! कॉलेजचा नियम असा, की पुढच्या सत्रासाठी रजिस्टरवर आठ सह्या हव्यात, नाहीतर वर्ग बंद. आम्ही उरलो होतो सात, आणि रजिस्टर त्याच दिवशी पाच वाजता बंद होणार होतं. माझं सगळं त्या एका सहीवर अडलं होतं.

बाबा आशीर्वाद देत माझ्या अगदी जवळून गेले आणि मला वास आला. शालीला ताज्या डिझेलचा ओला डाग होता. डिझेल नळीच्या बाहेर आलं, म्हणजे कुठला तरी नट ढिला झालेला. मी इंजिनाकडे धावले. पंपाकडून डिझेल आणणाऱ्या चार बारीक नळ्यांपैकी तीन नळ्यांच्या नटांवर कोरडी धूळ होती. तिसऱ्या नंबरचा नट ओलाचिंब होता.

माझं टाळकंच सरकलं. बाबावर नाही, माझ्यावर. हे सगळं आम्हाला शिकवलेलं होतं!

"सर, तुम्ही गप्प का?" मी विचारलं.

दाराशी उभे असलेले आमचे सर कंटाळलेल्या आवाजात म्हणाले, "महिनाभर बोललो. लोक म्हणतात, वर्ग बंद पडला तर पगार जाईल म्हणून बोलतो. तू बोल."

मी स्टुलावर चढले. "थांबा! हेच मी करून दाखवते. फक्त इंजिन गार होऊ दे, तापलेल्या नळ्यांवर फरक दिसणार नाही."

"किती वेळ?" कुणीतरी विचारलं.

"तासभर."

गर्दीतून सुस्कारे निघाले. बाबा हसले. "शंकेखोराच्या हाती यंत्र मरतं. चला, पुढे लोक ताटकळलेत." त्यांच्यामागून अर्धी गर्दी गेली. चमत्काराला पाव तास थांबायची सगळ्यांची तयारी असते, खऱ्याला तासभर म्हटलं की लगेच घरची कामं आठवतात.

बाबांकडे गेलेल्या तिघांतला लंबूही निघाला होता. वर्गातला सगळ्यात हुशार पोरगा. आईनेच त्याला बाबांकडे धाडलं होतं आणि ती शेजारीच उभी होती.

"मावशी, सोड ना," तो म्हणाला. "इंजिन सुरू झालं की नाही? कारणाशी काय घेणं?"

"मग मेकॅनिक कशाला होतोस? टाळ्या वाजवायला प्रमाणपत्र लागत नाही. तुझी वही काढ. तिसरा आठवडा."

त्याने चिडून पिशवीतून वही काढली आणि वाचायला लागला. "सिलिंडर पेटत नसेल तर त्याची धुराची नळी गार राहते. थेंबभर पाणी टाकून पाहावे. पंपाच्या नळीचा नट ढिला असल्यास डिझेल बाहेर गळते आणि सिलिंडर पेटत नाही..." तो थांबला. अक्षर त्याचंच होतं. खाली लाल शाईने दोनदा रेघही मारली होती.

तो गेला नाही.

साडेचारला इंजिन गार झालं. "कितवा नंबर रुसवू?" मी लोकांना विचारलं.

"दोन!" कुणीतरी म्हणालं.

मी दुसरा नट पान्याने ढिला केला, त्याला फडकं गुंडाळलं आणि इंजिन चालू केलं. ते तसंच लंगडलं. दहा मिनिटांनी माझ्या बाटलीतलं साधं नळाचं पाणी शिंपडलं. एक, तीन, चारवरचं उडालं. दोनवरचं बसून राहिलं. इंजिन बंद करून नट आवळला, पुन्हा सुरू केलं. झक्क.

"अगंबाई!" लंबूच्या आईने हात जोडले. "म्हणजे तुमच्याही हाताला गुण आहे!" आणि ती चक्क माझ्या पाया पडायला वाकली.

मी कपाळावर हात मारला. पालथ्या घड्यावर पाणी! रडावं की ओरडावं कळेना. मग तिचाच हात धरून त्यात पाना ठेवला. "माझ्या हाताला काही नाही. आता तुम्ही करा. कितवा?"

"मी? मला शिलाई मशीनमध्ये तेल घालण्यापलीकडे काही येत नाही!"

"तेवढं पुष्कळ झालं. डावीकडे फिरवा."

तिने भीत भीत चौथा नट ढिला केला. सरांनी सुरू केल्याबरोबर इंजिन अडखळलं. बंद करून तिने नट आवळला. पुन्हा सुरू केल्यावर ते सुरात आलं. ती काळ्या झालेल्या बोटांकडे बघत राहिली.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"मग मेला शाल कशाला घेतो?"

"एवढंच आहे हे दिसू नये म्हणून."

घड्याळात पाचला तीन मिनिटं होती. तिने लंबूच्या पाठीत धपाटा घातला. "उभा काय राहिलास? सही कर!"

आठवी सही झाली. बाबा अजून फिरतायत, आमच्या वर्गातले दोघे अजून त्यांची शाल धुतायत. त्याचा मला संताप येतो आणि येत राहील. पण तुम्हाला हात जोडून एक सांगते. कुणी चमत्कार दाखवला तर घाईने चपला काढू नका, टाळ्या वाजवू नका. आपल्याला काय शिकवलंय ते आठवा, आणि इतकंच म्हणा: आधी ती शाल बाजूला करा.