कानपिळीचं कापड

"अरे पंखेवाला, हात चालव जरा! बस्त्याची माणसं घामाने निथळताहेत," बन्सीलाल शेठ कापडदुकानाच्या गादीवरून ओरडले.

शिडीवरच्या अभिमनने मान डोलावली, पण तोंड छताकडेच ठेवलं. शेठच्या ओरडण्याचं त्याला काही नव्हतं. आत्ताच खाली येऊन बसलेल्यांपैकी एकाचा आवाज त्याने ओळखला होता. तो आबांचा होता, त्याच्या वडिलांचा.

अभिमन बी.ई. इलेक्ट्रिकल होता आणि जळगावजवळच्या पिंप्राळ्यात एका वाइंडिंगच्या दुकानात जळालेल्या पंख्यांत नवी तार भरत होता. गावाच्या लेखी मात्र तो मस्कतला होता. मुंबईत त्याचा इंटरव्ह्यू झाला, मस्कतच्या कंपनीने त्याला निवडलं. व्हिसा कंपनी काढणार, तिकीटही कंपनीच देणार. आता निदान व्हिसा हातात पडेपर्यंत गावाने धीर धरावा की नाही? छे! नरडाण्याजवळच्या त्या एवढ्याशा गावात ग्रामपंचायतीसमोर मांडव पडला, शाल-नारळ झालं, सरपंचांचं लांबलचक भाषण झालं. देवचंद आबा रेल्वेत गँगमन. उभा जन्म रुळांवर राबलेला तो माणूस त्या दिवशी पाहुण्यांच्या शेजारी खुर्चीवर बसला होता.

पुढे मुंबईत एजंटच्या पायऱ्या झिजवल्यावर कळलं, की कंपनीचं तिकडचं कामच रद्द झालं. व्हिसाही गेला. परतताना अभिमन जळगावला उतरला. नरडाण्याची पॅसेंजर समोर उभी होती. ती त्याने जाऊ दिली. दुसऱ्या दिवशीचीही जाऊ दिली. शाल पांघरून निघालेला मुलगा रिकाम्या हाताने त्या स्टेशनावर उतरणार कसा? मुंबईच्या खोलीतला एक सोबती खरोखरच मस्कतला निघाला होता. त्याच्यामार्फत अभिमनने 'पोचलो, खुशाल आहे' एवढं घरी कळवलं. आणि त्या एवढ्याशा खोट्यावर कमलचं, त्याच्या बहिणीचं, लग्न ठरलं. भाऊ परदेशात म्हटल्यावर शिरपूरकडचं चांगलं खातंपितं घर आपणहून चालत आलं.

तेच व्याही रुपचंद आणि विहीणबाई नर्मदाबाई आज आबांसोबत लग्नाचा बस्ता बांधायला आले होते. आई पापड-कुरडयांच्या मागे घरीच राहिली होती. ते एक बरं झालं. ती गप्प बसली नसती.

तारा जोडून झाल्या. आता उतरण्यावाचून इलाज नव्हता. अभिमनने खाली येऊन बटण दाबलं. पंखा फिरला, सगळ्यांनी आधी वर पाहिलं आणि मग त्याच्याकडे.

"देवचंदभाऊ," रुपचंद म्हणाले, "हाऊ पोऱ्या तुमना अभिमनसारखा दिखस ना? फोटूमा देखेल शे मी."

आबांनी पाहिलं. काळे हात, मळकं बनियन, वाढलेली दाढी. अभिमनला वाटलं, आता आबांनी उठावं, एक सणसणीत ठेवून द्यावी आणि घरी घेऊन जावं. खोटं जगून तो पार थकला होता, त्याला घरी जायचं होतं. पण आबांनी तसं केलं तर कमलचं लग्न इथेच, या गादीवर मोडणार होतं.

"नही भो," आबा म्हणाले. "मना पोऱ्या मस्कतले शे."

आवाज जरासुद्धा हलला नाही.

"माले ठावं शे हो. अंगलोट म्हणस मी," रुपचंद म्हणाले.

"अंगलोट सारखी शे तर बरंच शे," नर्मदाबाईंना एकदम आठवलं. "कानपिळीनं कापड राही गयं ना!"

लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि नवरदेवाकडचे त्याला कापड देतात. कमलच्या लग्नात कान चुलतभाऊ पिळणार होता. पण विहीणबाई मानापानाला पक्क्या.

"तो लगीनले नही उना तरी त्याना मान त्याले भेटाले पाहिजे. ह्या पोऱ्याना आंगले लाई देखा शेठ, रंग कसा दिखस ते."

शेठने आकाशी रंगाचं ठाण ओढलं आणि कापडाचं टोक अभिमनच्या खांद्यावर टाकलं. "उभा रहा रे नीट. बघा, झकास दिसतंय की नाही? नेहमीचं माप फाडू ना?"

"थोडं जास्त फाडा," आबा म्हणाले. "मना पोऱ्या यानापेक्षा उंच शे."

अभिमनची पाठ आपोआप ताठ झाली. कात्री कापडातून सरसर गेली.

आबा गुडघ्यांवर हात टेकत उठले. कापड त्यांनी स्वतःच त्याच्या खांद्यावरून काढलं. काढताना हात खांद्यावर टेकला आणि तिथेच राहिला. रुळांवर राबलेला तो खरबरीत हात बनियनवरून बोचत होता. अभिमनला रडू आवरेना, म्हणून तो जमिनीकडे बघत राहिला.

"जेवना का, भाऊ?" आबांनी विचारलं.

"जेवलो, काका."

आबांनी मान हलवली. मग गादीवर बसून त्यांनी कापडाची घडी घातली, हाताने दाबून सारखी केली आणि बस्त्यात सगळ्यात वर ठेवली.