चहाबरोबर ऐकलेलं

मित्रांनो, स्वतःची ओळख करून देताना जो तो चांगलं तेवढं आधी सांगतो. मला मात्र लाजेपासूनच सुरुवात करावी लागेल. मी एक जुना स्पीकर आहे. लाकडी खोकं, पुढे जाळीचं कापड आणि मागे लोंबणारी वायर, एवढाच माझा अवतार.

कारखान्यात मला तपासणाऱ्या माणसानं माझ्यावर बासरी लावून पाहिली होती. "आवाज गोड आहे हं याचा," तो म्हणाला होता. मला वाटलं, आता जन्मभर गाणीच गाणी! पण मला विकत घेतलं सरकारनं आणि ठेवलं एका बिनखिडक्यांच्या खोलीत. तिथली माणसं कानाला हेडफोन लावून दिवसभर दुसऱ्यांचे फोन ऐकत. एखादं बोलणं सगळ्यांनी मिळून ऐकायचं असलं, की ते माझ्यावर लावत.

सुरुवातीला मला त्याचा अभिमानच होता. एकदा माझ्यातून दोघांची कुजबुज ऐकू आली आणि तिच्यामुळे एका वर्दळीच्या पुलाखाली ठेवलेली स्फोटकं वेळेत सापडली. त्या खोलीच्या प्रमुख साहेबांनी मला कौतुकानं थोपटलं. त्या दिवशी कितीतरी माणसं सुखरूप घरी पोहोचली, हे मी आजही नाकारणार नाही.

पण तेव्हापासून साहेबांना जिकडेतिकडे तसेच पूल दिसू लागले. आधी संशयितांचे फोन ऐकायचे, मग त्यांच्या शेजाऱ्यांचे, आणि पुढे सीमेपलीकडे नातेवाईक असलेल्या कुणाचेही. नावं कुठेच नसत, नुसते नंबर. नंबराचं बोलणं ऐकताना कुणाला काही वाटत नाही. मग चहाची गंमत सुरू झाली. दुपारी चहा आला, की त्या दिवसाचं सगळ्यात मजेशीर बोलणं माझ्यावर लावायचं. कुणाची भांडणं, कुणाचं रुसणं, कुणाची लाडीगोडी. ऐकणाऱ्यांची हसून हसून मुरकुंडी वळायची.

एके दिवशी माझ्यातून एक म्हातारी सीमेपलीकडच्या आपल्या बहिणीशी बोलू लागली. "अगं, हल्ली झोपेत अंथरूण ओलं होतं माझं. सून उठायच्या आत चादर धुऊन टाकते. लेकाला सांगू नकोस हं, शपथ आहे तुला."

हशा पिकला. आमच्या खोलीतला सगळ्यात उंच माणूस, ज्याला सारे लंबू म्हणत, तो तेवढा हातातला कप तसाच धरून बसला. मग तोही हसला, आणि जरा जास्तच मोठ्यानं. त्याचं कारण आमच्या खोलीतल्या एकीलाच कळलं. परक्या भाषा जाणणारी आणि सगळ्यांच्या चुका काढणारी म्हणून तिला मास्तरीण म्हणत. ती लंबूच्या घरी जेवून आली होती. "आणखी थोडं घे गं," असा आग्रह करणारा तो आवाज तिनं लगेच ओळखला. तो लंबूच्या आईचा होता. मित्रांनो, त्या दिवशी मला स्वतःचीच शिसारी आली.

मास्तरीण साहेबांकडे गेली. "आपण देशासाठी ऐकतो ना? मग यात देश कुठं आहे, साहेब?"

"मन घट्ट करायला शिका, बाई. धोका कुठल्या फोनवरून येईल, सांगता येतं का?"

शेवटी तिनं एका वर्तमानपत्राला सगळं सांगितलं. मोठा गहजब उडाला आणि चौकशी बसली. पण ती बसली मास्तरणीवरच, सरकारी गुपित फोडलं म्हणून. चहाची गंमत वगैरे काही घडलंच नाही, असं साहेबांनी चौकशीत ठासून सांगितलं. तेव्हा म्हातारीच्या त्या फोनचं रेकॉर्डिंग मागवण्यात आलं आणि मला टेबलावर आणून ठेवलं. चौकशी करणाऱ्या सगळ्यांनी खुर्च्या हळूच पुढे ओढल्या. त्यांनाही ऐकायचंच होतं.

मास्तरीण उभी राहिली. "लावू नका ते."

"बाई, हे ऐकलं नाही तर तुम्ही खोट्या ठराल," चौकशीचे अध्यक्ष म्हणाले. "तुरुंगात जाल."

"ठाऊक आहे मला."

लंबू धडपडत उठला. "लावा, अध्यक्षसाहेब. ती माझी आई आहे. माझी हरकत नाही."

मास्तरणीनं त्याच्याकडे पाहिलं. "आईला विचारून आलास?"

तो खाली बसला. तिनं पुढे होऊन माझी वायर काढून टाकली.

कुणी मला गप्प केल्याचा आनंद मला पहिल्यांदाच झाला, पण त्याची किंमत तिनं मोजली. तिनंच पुरावा ऐकू दिला नाही, असा शेरा पडला आणि ती तुरुंगात गेली. चहाची गंमत गुपचूप बंद झाली. फोन ऐकणं मात्र नव्या यंत्रांवर चालूच आहे. मी अडगळीच्या खोलीत पडून आहे.

परवा लंबू तिथे आला. मला हलवून बाजूला सारलं आणि माझ्या जागी भिंतीला टेकून बसला. मग स्वतःशीच बोलला, "आई रोज विचारते, तुझी ती मास्तरीण जेवायला का येत नाही रे हल्ली? काय सांगू तिला?"

आजवर मी दुसऱ्यांचंच बोलत आलो.

मित्रांनो, पहारा करणारे हवेत, नाही कुठे म्हणतोय मी? पण जे तुमच्यासाठी नाही असं बोलणं कानावर पडू लागलं आणि आजूबाजूचे हसू लागले, तर तिथून उठून जा. मला जाता आलं नाही. तुम्हाला पाय आहेत.