प्रश्नानंतरचे पंचवीस सेकंद

कपड्यांच्या ड्रायरमध्ये काहीतरी खट्ट वाजलं. मी हेडफोन लावून लाइनवर कुणी बोलायची वाट बघत होते, आणि बाकी घरात इतकी शांतता होती की नेत्रा उठेल म्हणून दचकले.

ती उठली नाही. सोफ्यावर, एक हात गालाखाली, तोंड अर्धवट उघडं. पाच वर्षांची झाली तरी जुलैत स्विमिंग पूलवरून आली की दीड तास झोपते. तो दीड तास म्हणजे माझी नोकरी. वर्क परमिट आल्यापासून मी घरून फोनवर दुभाषाचं काम करते. हॉस्पिटल, इन्शुरन्स, कधी कोर्ट. मला नाव नसतं, फक्त नंबर. कानावर पडेल ते सगळं सांगायचं, आणि बोलणाऱ्याच्याच तोंडून, ‘मी’ म्हणून सांगायचं. माणूस ओळखीचा निघाला तर मात्र तसं सांगून ताबडतोब लाइन सोडायची.

पलीकडे पॉलिग्राफ घेणारा साहेब होता. त्याने थोडक्यात समजावलं. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेला माणूस आहे, सध्या प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाबाहेर पण देखरेखीखाली. दर सहा महिन्यांनी त्याला खोटं पकडायच्या यंत्राला जोडायचं आणि अटी पाळतोयस का, ते विचारायचं. “त्याला इंग्लिश येतं,” साहेब म्हणाला, “पण मी प्रश्न माणसाच्या घरच्या भाषेत विचारतो.”

नेत्राकडे एकदा बघितलं. तरी हो म्हटलं.

मग दुसरा आवाज आला, “नमस्कार ताई. अहो, कसं आहे ना, साहेबांना म्हणावं, मगाशी नाश्त्याला चार धिरडी झालीत. पोटावरचा पट्टा जरा सैल बांधा.”

मी इंग्लिशमध्ये सांगितलं. साहेब हसला. मला हसू आलं नाही. ‘अहो, कसं आहे ना’ म्हणून प्रत्येक वाक्य सुरू करणारा टेक्सासमधल्या आमच्या अर्विंगमध्ये मला एकच माणूस माहीत होता.

मोरेश्वरकाका. सत्तरीचे, एकटे राहणारे. शनिवारी मराठी शाळा भरते त्या हॉलच्या बाहेर बाकावर बसलेले असतात. मंडळाच्या पाडव्याला माझी पुरणपोळी उचलून म्हणाले होते, “हिमानी, टेक्सासचा नकाशा छान जमलाय गं. फक्त ऑस्टिन करपलंय.” सगळे हसले होते. मी सगळ्यांत जास्त.

लाइन सोडायला हवी होती. बोट बटणावर होतं. तेवढ्यात साहेबाने विचारलं, “मागच्या टेस्टनंतर अठरा वर्षांखालच्या कुणाशी संपर्क आला?”

मी तो प्रश्न मराठीत विचारला. 

“अहो, कसं आहे ना, एक मुलगी आहे,” ते म्हणाले. “पाच वर्षांची. शनिवारी बाहेर येते. मी तिला श्रीखंडाची गोळी देतो. हे प्रोबेशनच्या ऑफिसरना सांगितलेलं नाही.”

आमच्या शाळेत पाच वर्षांची मुलगी एकच आहे.

मी ते सांगितलं. शब्द न गाळता. एक मुलगी आहे. मी तिला गोळी देतो. मी. माझ्याच आवाजात, माझ्या झोपलेल्या लेकीकडे बघत.

“तेव्हा जवळ कुणी असतं?”

“तिची आई आत बायकांशी गप्पा मारत असते. दहाएक मिनिटं.”

तेही सांगितलं. आत मागच्या शनिवारी आम्ही चकलीच्या भाजणीवर बोलत होतो. त्याआधी व्हिसावर.

“ताई,” काका मध्येच म्हणाले, “तुमचा आवाज ओळखीचा वाटतो.”

कानावर पडेल ते सगळं सांगायचं असतं. सांगितलं. साहेबाचा आवाज बदलला. “इंटरप्रिटर, तुम्ही या माणसाला ओळखता?”

हो म्हटलं असतं तर त्यांनी दुसरा नंबर लावला असता, आणि पुढच्या प्रश्नाचं उत्तर कुणा तिऱ्हाइताने ऐकलं असतं.

“नो,” मी म्हणाले. माझ्या दंडाला पट्टा नव्हता.

मग पट्टे बांधल्याचे, खुर्ची सरकवल्याचे आवाज आले. प्रश्न आधीच ठरलेले होते, तेच तीनदा विचारायचे. उत्तर फक्त हो किंवा नाही. प्रत्येक उत्तरानंतर यंत्राला पंचवीस सेकंद द्यायचे, त्यात कुणी श्वासही मोठ्याने घ्यायचा नाही.

“प्रोबेशन सुरू झाल्यापासून तुम्ही कुठल्याही मुलाला किंवा मुलीला वाईट हेतूने हात लावलाय का?”

“नाही.”

पंचवीस सेकंद. ड्रायरमध्ये खट्ट. मी म्यूटवर होते, हाताने तोंड दाबून.

दुसऱ्या फेरीत, “नाही.” तिसऱ्या फेरीत, “नाही.” तिन्ही अगदी सारखे. आणखी पोळी वाढू का म्हटल्यावर म्हणतात तसे. त्या ‘नाही’च्या खाली काय होतं, ते तिथल्या पडद्यावर उमटत होतं. माझ्याकडे नुसता आवाज होता.

शेवटी काका खोलीबाहेर गेल्यावर मी दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या मनाचं काहीतरी विचारलं. “निकाल काय आला?”

“ते दुभाषाला सांगत नाहीत, मॅम. संपर्काबद्दल मी ऑफिसरला कळवतोय.” लाइन कटली.

अशा गुन्हेगारांची यादी इथे इंटरनेटवर सगळ्यांसाठी उघडी असते. आमचा झिप कोड टाकला आणि दहा सेकंदांत काका समोर आले. फोटोत दाढी वाढलेली. खाली आडनाव. ते मला आजवर माहीतच नव्हतं, कारण काकांना कुणी आडनाव विचारतं का? नळ दुरुस्त करायला माणूस बोलवायचा तर मी चाळीस रिव्ह्यू वाचते. आडनावाखाली लिहिलं होतं: पीडित मुलगी, वय सहा.

नवऱ्याला, सिद्धेशला मेसेज टाकला, आत्ता घरी ये. दोनदा टाइप करावा लागला.

ड्रायर थांबला होता. दार उघडलं. नेत्राच्या पिवळ्या फ्रॉकच्या खिशात दोन श्रीखंडाच्या गोळ्या, वितळून कागदासकट कापडाला चिकटलेल्या. खिसा अजून कोमट होता.

“दॅट्स माइन.” नेत्रा मागे उभी होती, गालावर उशीचा वळ. “सीक्रेट आहे ते. काका म्हणाले, आईला सांगू नको, दात किडतील म्हणून रागावेल.”

मी खाली बसले. तिला जवळ घेतलं. केसांना अजून पूलचा वास होता. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला. “नाही रागावणार, बाळा. काकांनी कधी तुला जवळ घेतलं? कुठे हात लावला?”

“नाही.”

 तिच्या पापण्या बघत राहिले. गळ्याजवळची ती बारीक शीर, जिच्यावर ती तान्ही असताना मी ओठ टेकवायचे, ती उडत होती. जोरात की रोजच्यासारखीच? दहा. पंधरा. मी मोजतेय, हे माझं मलाच वीसला कळलं.

नेत्राने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

“आई, तू माझ्याकडे अशी का बघतेयस?”